संवाद नसलेलं प्रकरण

पडद्यावर कादंबरीच्या नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'विभाग : गाढ झोपेसाठी.' मी हेडफोन चढवत होते, तो अर्धाच चढवलेला राहिला. बाहेरच्या कानाला एसीची घरघर ऐकू येत होती, आतल्या कानात माझाच श्वास. मी पुन्हा वाचलं. गाढ झोपेसाठी. शेजारी टोपी घातलेला, डोळे मिटलेला चांदोबा. ही माझी कादंबरी. सतराव्या वर्षापासून मी ती भेटेल त्याच्या गळ्यात मारत आले आहे, ती वाचून आठवडाभर मला रागाने झोप लागली नव्हती, आणि या लोकांनी ती चांदोबाच्या स्वाधीन केली होती. तळपायाची आग मस्तकात गेली, हे वाक्य याच खुर्चीत बसून मी किती वेळा वाचलं असेल, भावासकट, श्वास कुठे घ्यायचा ते ठरवून. प्रत्यक्षात श्वास घ्यायला वेळच मिळत नाही, हे त्या सकाळी कळलं. काचेपलीकडून कानसेनने अंगठा वर केला. तयार का, असं विचारत होता.

मी पुस्तकं वाचते. म्हणजे मोठ्याने वाचते, पैसे घेऊन, आणि लोक ती फोनवर ऐकतात, भांडी घासताना, गाडी चालवताना. कपाटाएवढी खोली, भिंतींना करड्या स्पंजच्या लाद्या, समोर माइक, मजकुराचा पडदा आणि काच. काचेपलीकडे बसतो तो आमचा ध्वनिमुद्रक. माझी बांगडी, माझ्या गिळण्याचा आवाज, खालच्या मजल्यावर पडलेला चमचा, सगळं त्याला ऐकू येतं, म्हणून त्याला आम्ही कानसेन म्हणतो. या कामाचे नियम विचित्र आहेत. कडक कपडे घालायचे नाहीत, ते कुरकुरतात. तोंड चिकट झालं की आंबट सफरचंदाची फोड खायची. आणि सगळ्यांत पहिला नियम, उपाशी यायचं नाही. रिकाम्या पोटाची गुरगुर माइकला माणसाच्या आधी कळते आणि चांगलं जमलेलं पान फुकट जातं. म्हणून घरात कुणीही उठायच्या आधी मी एकटी स्वयंपाकघरात बसून पोटभर जेवते. नवरा म्हणतो, सकाळी सकाळी एवढं जातं कसं तुला? जातं. त्या कादंबरीतली धाकटी सून एकदाच अशी सगळ्यांच्या आधी जेवली होती. बारावं प्रकरण त्यामुळेच घडतं.

आणि बारावं प्रकरण पडद्यावर नव्हतं. अकरावं संपत होतं आणि लगेच कापणीचं प्रकरण सुरू होत होतं. मी वर सरकवलं, खाली सरकवलं, हरवलेली किल्ली आपण त्याच खिशात पुन्हा पुन्हा शोधतो तसं. मग दार ढकलून बाहेर आले. कात्री चहाचा कप घेऊन तिथेच उभा होता. मोठी पुस्तकं छोटी करणं हे त्याचं काम. सगळे त्याला तोंडावर कात्री म्हणतात आणि त्याला त्याचा अभिमान आहे. "बारावं कुठे गेलं?" मी विचारलं. तो हसला. "अहो ताई, त्यात काही घडतच नाही. अकरा पानं, आणि एक संवाद नाही. ऐकणाऱ्याला वाटेल फोन बिघडला." "काही घडत नाही? एका बाईशी अख्खं घर बोलेनासं होतं, हे घडणं नाही?" "तेच तर म्हणतोय मी. कुणी बोलतच नाही. मग आपण ऐकवायचं काय?" मी म्हटलं, "आणि झोपेचं काय खूळ आहे?" तो समजावणीच्या सुरात आला. या सुराची मला मनस्वी चीड आहे, मी तो स्वतः खलनायकांसाठी वापरते. "गाव म्हटलं की लोकांना शांत वाटतं. बैल, नदी, पहाट. त्यात तुमचा आवाज उबदार. कौतुकच आहे हो हे, तक्रार कसली करताय? आणि पुस्तक सुचवलंत तुम्हीच. आम्ही घेतलं की नाही?"

हो, सुचवलं मीच. आयुष्यभर दुसरं केलंय काय? काही बायका भेटेल त्याला आपल्या मुलीसाठी स्थळ विचारतात, तशी मी ही कादंबरी लोकांना सुचवत आले. जुन्या काळातलं एक गाव, दिवे यायच्या आधीचं, एक नदी, एक मोठं घर, आणि पेरणीपासून पेरणीपर्यंतचं एक वर्ष. एवढंच सांगायचे. त्यापुढचं वाचणाऱ्याने स्वतः जाऊन पाहावं अशी माझी इच्छा असायची. नवऱ्याला लग्नाआधी दिली. नणंदेला तिच्या बाळंतपणात दिली. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त बँकवाल्यांना दिली, दातांच्या डॉक्टरला दिली. प्रती विकत घेऊन वाटल्या, कारण परत येत नसत, आणि आल्याच तर त्यांच्यावर कपाचे गोल डाग असत. लोक म्हणत, छान आहे, जरा संथ आहे. लोक म्हणत, काय दिवस होते ना ते, किती साधी माणसं! साधी माणसं! मी दात आवळून हसायचे. मग परीक्षा म्हणून एकच प्रश्न विचारायचे, विहिरीचं वाचलंत? आणि बघत राहायचे. "हो, हो, विहीर! काय सुंदर वर्णन आहे," नणंद म्हणाली. बँकवाले म्हणाले, डोळ्यांसमोर उभी राहते. नवरा म्हणाला, विहिरीपाशी तर मी थांबलोच. फक्त दातांचा डॉक्टर, माझ्या तोंडात दोन्ही हात घालून, म्हणाला, "विहीर काही आठवत नाही बुवा. दुसऱ्या कुठल्या पुस्तकात असेल." मला उत्तर देता आलं नाही, तोंडात आरसा होता. मी डॉक्टर बदलला.

एवढी चीड कशाला, असं नवरा विचारतो. पुस्तकच आहे, आवडतं एकेकाला, एकेकाला नाही आवडत. त्याला मी कधी नीट सांगितलं नाही. ती सून माझी आई आहे. म्हणजे लेखकाने माझ्या आईला पाहिलेलंही नाही, पण बारावं प्रकरण वाचलं त्याच्या थोडंच आधी मावशीने मला सांगितलं होतं की तुझ्या आईशी सासरी वर्षभर कुणी बोललं नव्हतं. का, ते सांगितलं नाही. तुझे बाबाही नाही, एवढं मात्र सांगितलं. हे बाबा म्हणजे शहरात आल्यावर रोज सकाळी आईला पेपर वाचून दाखवणारे, जाहिरातींसकट वाचून दाखवणारे बाबा. ते गेले तरी माझ्या डोक्यात अजून ही दोन माणसं एकमेकांत बसत नाहीत. मग कादंबरीत मी वाचलं, की मारहाण नाही, शिवीगाळ नाही, फक्त समोरची वस्तू हातात न देता जमिनीवर ठेवून पुढे सरकवणं. लहान मुलांनासुद्धा शिकवलेलं. मी आईजवळ पुस्तक घेऊन गेले. म्हटलं, आई, वाच ना. ती शिवणयंत्रावर होती. दोऱ्याचं टोक ओठांत धरून म्हणाली, "मला काय वाचायचंय त्यात? मी तिथूनच आले, परत कशाला जाऊ?" आणि पुस्तक यंत्राच्या खणात, कापडाच्या तुकड्यांखाली गेलं. तेव्हापासून मी ते तिला सोडून बाकी सगळ्यांना देत आले. प्रत्येक वेळी आईच देत होते, आणि लोक तिला परत आणून म्हणत होते, जरा संथ आहे. आता आईला दिसत नाही, उजेड आणि अंधार एवढंच कळतं. वाचायची तिची पाळी कायमची टळली, आणि म्हणूनच मी हे पुस्तक इथे सुचवलं होतं. कान मिटता येत नाहीत.

"आजचा भाग तर करू," कानसेन मध्ये पडला. "अकरावं संपवू, मग भांडा." मी आत गेले, सफरचंदाची फोड चावली, चावताना माझाच आवाज मला हेडफोनमध्ये घोड्यासारखा ऐकू आला. अकराव्याचं शेवटचं पान रागाने वाचलं. राग आवाजात उतरतो, कितीही लपवा. कानसेन म्हणाला, "ताई, शेवटची दोन वाक्यं परत. दात वाजतायत." आमची पद्धत अशी आहे, चूक झाली की तो थोडं मागे नेतो, माझंच आधीचं वाक्य मला कानात ऐकवतो, आणि मी त्याचं शेपूट धरून पुढे जाते. त्याने ऐकवलं, 'माणसं शेतातून परतायची होती. चुलीवरून खाली उतरवलेलं भांडं वाफाळत होतं.' माझा आवाज, उबदार, गाढ झोपेसाठी. मी डोळे मिटले, सूर धरला आणि पुढे गेले. 'धाकटीने झाकण काढलं. आधी फक्त वास घेतला. मग पाट ओढला आणि ती बसली. घरातल्या कुणाच्याही आधी, दिवसाउजेडी, दाराकडे तोंड करून ती पोटभर जेवली.' पडदा पुढच्या प्रकरणावर गेला असणार, मी बघत नव्हते. सासऱ्याचा जोडा उंबऱ्यात थांबतो तिथे थांबले. सासू काही न बोलता भांडं उचलून आत नेते तिथे आवाज पातळ केला. पाण्याचा तांब्या जमिनीवरून सरकत येतो. मुलं खेळताना तिच्याजवळ आली की गप्प होतात आणि पलीकडे गेली की परत ओरडायला लागतात. ती आपल्या मुक्या दिवसांना सरावते, मग एकदा शिंकते आणि स्वतःच्याच आवाजाला दचकते. हे सगळं मी वाचत होते. वाचत कसली, माझ्या तोंडून ते आपोआप येत होतं, घराचा जिना उतरतो तसं, पायाला पायऱ्या माहीत असतात. शेवटी ती कळशी घेऊन निघते. विहिरीवर भर दुपारी कुणी नसतं. ती कठड्यावर पालथी होते, आत तोंड घालते आणि स्वतःचं नाव घेऊन हाक मारते. विहीर ते नाव परत देते. ती पुन्हा हाक मारते. खालून कुणीतरी तिला नावाने बोलावतंय, पुन्हा पुन्हा, आणि ती वरून ओ देते.

डोळे उघडले तेव्हा कानसेन खुर्चीत नव्हता. तो उभा राहून माझ्या जुन्या प्रतीची पानं उलटत होता. शब्दांची खात्री करायला ती त्याच्या टेबलावर ठेवलेली असते. मला वाटलं तो रडतोय. तो शोधत होता. "ताई, थांबवणार होतो, पण थांबवावंसं वाटेना. झकास झालंय. अकरा पानं तोंडपाठ, एखाददुसरा शब्द इकडेतिकडे," तो माइकवरून म्हणाला. "पण ती विहीर कुठली?" "शेवटची." "शेवटी विहीर नाहीये." मी म्हटलं, नीट बघ, पान चिकटलं असेल. मी स्वतः बाहेर आले, त्याच्या हातून पुस्तक हिसकावलं. 'धाकटीने कळशी उचलली आणि ती पाणी आणायला गेली.' पूर्णविराम. खाली अर्धं पान कोरं. पुढच्या पानावर कापणी. मी ते कोरं अर्धं पान उजेडाकडे धरून पाहिलं, जणू शाई आतल्या बाजूला गेली असेल. इतकी वर्षं मी ज्या जागेसाठी लोकांना पुस्तक देत होते, ती जागा पुस्तकात नव्हतीच. मग नणंदेचं ते सुंदर वर्णन? बँकवाल्यांच्या डोळ्यांसमोर काय उभं राहिलं होतं? आणि माझा नवरा नक्की कुठल्या विहिरीपाशी थांबला होता? सगळे खोटारडे, आणि खरं बोलणारा एकच, त्याला मी माझ्या अक्कलदाढेसकट सोडून आले. मला हसू यायला हवं होतं. मला लेखकाचाही राग आला. कळशी देऊन तिला नुसतं पाण्याला पाठवलं, पुढे बघायलाही गेला नाही.

तेवढ्यात कात्री आत आला. कानसेनने त्याला शेवटचा तुकडा ऐकवला. चांगल्या मनाने ऐकवला, प्रकरण टिकेल म्हणून. कात्रीने डोळे मिटून ऐकलं आणि टिचकी वाजवली. "हे मात्र ठेवू! बारावं काढून टाकू, आणि ही विहीर अकराव्याच्या शेवटाला जोडू. हाक मारते, तिथे थोडा प्रतिध्वनी देऊ. काय गुंगी येईल ऐकून!" मी त्याच्याकडे पाहत राहिले. त्याच्या शर्टाच्या खिशावर चहाचा थेंब पडला होता. "विहीर पुस्तकात नाही," मी म्हटलं. "मग कुठली?" "माझी आहे. ती तुम्हाला मिळणार नाही. पुस्तकाचं बारावं प्रकरण जसंच्या तसं जाईल, आणि झोपेच्या विभागात जाणार नाही. नाहीतर मी वाचणार नाही." तो अजिबात चिडला नाही. माणूस चिडला तर निदान बरोबरीचा वाटतो. "ताई, तुमचा मान आहेच. पण मग दुसरा आवाज बघावा लागेल. ती नवीन मुलगी आहे, मधाळ आवाजाची. बघा, विचार करा." मी विचार केला नाही. पिशवी उचलली, पुस्तक त्यात कोंबलं. जिन्यात होते तेव्हा फोन वाजला, कानसेनने सकाळचं सगळं मला पाठवलं होतं. खाली एवढंच लिहिलं होतं, 'इथलं पुसायला सांगितलंय.' रस्त्यावर ऊन होतं. दुकानांत, गाड्यांत, गाळ्यांत, फुटपाथवर सगळीकडे माणसं बोलत होती, आणि ती सगळी मला एकाच वेळी मूर्ख वाटत होती.

घरी आई खिडकीपाशी बसून मटार सोलत होती. तिच्या मांडीवर खोल पातेलं, शेजारी रेडिओ चालू. आईच्या खोलीत रेडिओ कधी बंद नसतो. बातम्या, शेअरबाजार, समजत नसलेल्या भाषेतली भाषणं, काहीही चालतं, कुणीतरी बोलत असलं पाहिजे. ती स्वतःही बोलते, कुकरशी, नळाशी, हरवलेल्या काठीशी. आम्हा भावंडांना तिने फटके दिले, पण अबोला एकदाही धरला नाही. फटका मारतानासुद्धा बोलत असायची. "लवकर आलीस? पोट बिघडलं का तुझं?" मी रेडिओ बंद केला. म्हटलं, ऐक. सकाळचं वाचन लावून फोन खिडकीत ठेवला आणि तिच्यासमोर स्टुलावर बसले, परीक्षा घ्यायला बसतात तशी. झाकण निघालं. पाट ओढला. आईचे हात थांबले नाहीत, शेंग फुटायची, दाणे पातेल्यात टपटपायचे. "जेवली ते बरं केलं," ती म्हणाली. सासऱ्याचा जोडा उंबऱ्यात थांबला. तांब्या सरकत आला. "हाताने नाही सरकवत गं, पायाने," आई म्हणाली, "लिहिणाऱ्याला ठाऊक नाही," आणि पुढची शेंग घेतली. मी तिचा चेहरा बघत होते. मग विहीर आली. ती कठड्यावर पालथी झाली, हाक मारली, आणि आई हसली. तोंडावर हात ठेवून, मटारच्या दाण्यासकट हसली.

"अगं, ही तर आपली विहीर! यात कशी आली?"

"आपली म्हणजे?"

"तू झोपायची नाहीस. रात्ररात्र डोळे टक्क. मग सांगायचे. एक बाई होती, ती विहिरीत हाक मारायची..."

"तुझी गोष्ट? झोपवायला?"

"मग कोणाची सांगणार? मला दुसऱ्या येत कुठे होत्या?"

मी ओरडले. काय ओरडले ते सलग आठवत नाही. माणसं तुला वर्षभर मेल्यासारखी वागवतात, सख्खा नवरा वागवतो, आणि तू त्याची अंगाई करतेस? तुला राग आला नाही कधी? मी आयुष्यभर लोकांशी भांडतेय, आज हातातलं काम सोडून आले, कशासाठी? काचेची तावदानं थरथरली असतील. आईने सगळं ऐकून घेतलं. मला वाटतं तिला माझा आवाज आवडतो, तो काय बोलतोय याच्याशी तिला फारसं देणंघेणं नसतं. मग ती म्हणाली, "आला ना. राग यायला आधी पोट भरलेलं लागतं. ते भरलं ते इथे आल्यावर. आणि तोवर तू मांडीवर होतीस. तुझ्यासमोर काढू का तो? म्हणून गोष्ट केली." तिने पातेल्यात हात फिरवून दाणे किती झाले ते चाचपलं. "पण तू चुकवलीस ती."

"काय चुकवलं?"

"स्वतःचं नाव कशाला घेईन मी? स्वतःला कोणी हाक मारतं का? डोकं फिरलं नव्हतं माझं. तुझं नाव घ्यायचे. तू पोटात होतीस, म्हणून तर एवढी भूक. नाव मनात ठरवून ठेवलं होतं, सांगणार कोणाला? कोणी बोलतच नव्हतं. विहिरीला सांगितलं."

"आणि मुलगा झाला असता म्हणजे?"

"तर विहीर तोंडावर पडली असती." ती पुन्हा हसली, आणि हसता हसता तिने रेडिओसाठी हात पुढे केला, मग मागे घेतला. "गोष्टीच्या शेवटी मी विहिरीसारखी हाक मारायचे आणि तू ओ द्यायचीस, असं ठरलेलं होतं आपलं. पण एकदाही दिली नाहीस. त्याच्या आधीच झोपायचीस."

खिडकीतला फोन अजून चालू होता. त्यातून आता नुसती त्या कपाटाएवढ्या खोलीची शांतता येत होती, आणि कानसेन पानं उलटत होता ती सळसळ. तो मधाळ आवाज उद्या त्या खुर्चीत बसेल, आधी पोटभर जेवून. बैल येतील, नदी येईल, पहाट येईल आणि हजारो माणसं कूस बदलून झोपतील. माझ्या मुठी वळलेल्याच होत्या, त्या उघडायला मी तयार नव्हते. आई मांडीवरच्या खोल पातेल्यावर वाकली, अगदी आत तोंड घालून, आणि तिने माझं नाव घेऊन लांबलचक हाक मारली. पातेलं घुमलं.

मी जागी होते. मी ओ दिली.